काल्दा ते कॅलरी

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस आपल्या नातवाला पत्रे लिहीत असे. नातवाचे नाव गायस. हा लेकीचा मुलगा. आजोबांनी त्याला दत्तक घेतले होते आणि गादीचा वारस म्हणून वाढवले होते. एका पत्रात आजोबा त्याला लाडाने गाढव म्हणतात. दुसऱ्या एका पत्रात ते त्याची भाषा सुधारतात. 'गरम' या अर्थाने नातू 'कालिदुम' असा पूर्ण, व्याकरणशुद्ध शब्द लिहीत होता. आजोबांचे म्हणणे होते, 'काल्दुम' लिही. कालिदुम हे लॅटिन नव्हे असा त्यांचा आक्षेप नव्हता. तो शब्द त्यांना ओढूनताणून आणलेला वाटत होता, कानाला खटकत होता. क्विंटिलियन या वक्तृत्वाच्या शिक्षकाने पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ग्रंथात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. गायस इ.स. 4 मध्ये ऐन तारुण्यात वारला आणि गादी दुसऱ्याकडे गेली. आजोबांनी पसंत केलेला शब्द मात्र दोन हजार वर्षे टिकला.

भाषेच्या इतिहासात अशी नोंद क्वचितच सापडते. सत्ताधीशाने प्रजेला 'शुद्ध बोला' म्हणून दटावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इथे साम्राज्याचा धनी घरातल्या शिकलेल्या पोराला सांगतो आहे की, लोक बोलतात तसे लिही.

शब्दाचे मूळ साधे आहे. लॅटिनमध्ये 'कालेरे' म्हणजे गरम असणे, 'कालोर' म्हणजे उष्णता, आणि 'कालिदुस' म्हणजे गरम. कालिदुसमध्ये जोर पहिल्या अक्षरावर पडतो. मधला 'इ' दुबळा. रोजच्या बोलण्यात तो गळून पडला आणि 'काल्दुस' झाला. हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 'उष्ण'चे प्राकृतात 'उण्ह' झाले आणि आपल्याकडे 'ऊन'. 'उष्ण जल' पोथीत राहिले. आजी मात्र ऊन पाणी आणि ऊन ऊन भातच म्हणाली.

कालोरच्या मुळाशी आपलेही एक नाते जोडले जाते. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा शब्द ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृतातला 'शरद' आला. शरद म्हणजे ऊन पडून पिके पिकण्याचा ऋतू, आणि वेदांत तर वर्ष मोजायचे तेही शरदांनीच. शरदाचे इराणी भावंड म्हणजे फारसीतला 'साल', तोच आपल्या व्यवहारात रुळलेला साल. हे मत मान्य केले तर सालगडी या शब्दातला साल आणि रोमन माणसाचा कालोर एकाच कुळातले ठरतात.

ऑगस्टसच्या रोममध्ये काल्दा म्हणजे गरम पाणी ही विकत मिळणारी गोष्ट होती. सामान्य माणूस भाड्याच्या खोल्यांत राहायचा, तिथे चूल पेटवणे अवघड आणि धोक्याचे. मग रस्त्यावरच्या दुकानात जाऊन गरम खायचे, द्राक्षाच्या दारूत गरम पाणी मिसळून प्यायचे. पॉम्पेईच्या गल्ल्यांतून अशा दुकानांचे दगडी कट्टे आजही पाहायला मिळतात. माणसे तिथे जमत, बोलत, सरकारला नावे ठेवत. क्लॉडियस सम्राट झाला तेव्हा त्याने हे अड्डे बंद केले आणि शिजवलेले मांस व गरम पाणी विकायला मनाई केली, असे इतिहासकार कासियस डिओ लिहितो. गरम पाण्यावर बंदी घालण्याइतका धाक त्या कट्ट्यांवरच्या गप्पांचा असावा, हे वाचताना त्या शहराचे खरे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

मग सार्वजनिक स्नानगृहे. त्यांतली सर्वांत तप्त खोली म्हणजे 'काल्दारियुम'. तिची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली असे. बाजूच्या भट्टीतली गरम हवा त्या पोकळीतून फिरे, भिंतींत बसवलेल्या पोकळ विटांतून वर चढे, आणि पायाखाली, पाठीमागे सगळीकडून ऊब येई. सम्राट काराकालाच्या नावाचे स्नानगृह 216 च्या सुमारास खुले झाले. त्याच्या काल्दारियुमचे अवशेष आजही रोममध्ये उभे आहेत. ज्या भांड्यात पाणी तापे त्यालाही याच शब्दावरून नाव मिळाले. त्याच भांड्याचे फ्रेंचमध्ये 'शोदियेर' झाले, इंग्रजीत 'कॉल्ड्रन' झाले, स्पॅनिशमध्ये 'काल्देरा' झाले. कॅनरी बेटांवरचे लोक ज्वालामुखीच्या अजस्र खोलगट मुखाला काल्देरा म्हणत, कारण ते कढईसारखे दिसते. तिथूनच तो शब्द जगभरच्या भूगर्भशास्त्रात गेला.

व्याकरणाच्या शिक्षकांना ऑगस्टसचा कौल पटला नव्हता. याचा पुरावा एका छोट्या यादीत आहे. प्रोबुस या वैयाकरणाच्या नावावर असलेल्या ग्रंथाच्या हस्तलिखिताला मागे जोडलेली म्हणून तिला 'प्रोबुसचे परिशिष्ट' म्हणतात. तिची प्रत उत्तर इटलीतल्या बोब्यो मठातली, आणि आता ती नेपल्सच्या ग्रंथालयात आहे. यादीत 227 जोड्या आहेत, आणि प्रत्येकीचा साचा एकच: असे म्हणा, तसे म्हणू नका. कुणा अनामिक मास्तरांनी विद्यार्थ्यांच्या चुका गोळा करून हे टिपण केले असावे. त्यात एक जोडी आपल्या ओळखीची आहे: कालिदा म्हणा, काल्दा म्हणू नका. लगेच पुढे थंडचीही जोडी आहे. ज्या रूपाची शिफारस सम्राटाने केली होती, तेच रूप काही शतकांनी वर्गात चूक ठरले होते.

आज युरोपातल्या भाषा उघडून पाहाव्या. इटालियनमध्ये गरम म्हणजे 'काल्दो'. रुमानियनमध्ये 'काल्द'. फ्रेंच 'शो' हाही काल्दुसचाच मुलगा. मास्तरांच्या कालिदाची साधुरूपे नंतर ग्रंथांतून काही भाषांत परतली, पण घराघरांत गेले ते चुकीचे ठरवलेले रूप. आणि मास्तरांचे आभार मानायला हवेत ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी चुका लिहून ठेवल्या नसत्या, तर त्या काळी लोक खरोखर काय बोलत होते हे आपल्याला कळले नसते. बोलीचा सर्वांत चांगला दस्तऐवज तिच्या विरोधकाच्या हातून तयार झाला.

पाचव्या शतकात पश्चिमेकडचे साम्राज्य कोसळले. रस्ते ओस पडले, शाळा मिटल्या, प्रांताप्रांतांतले बोलणे एकमेकांपासून दूर जाऊ लागले. गॉलच्या उत्तर भागात 'का' हा उच्चार हळूहळू 'च' आणि मग 'श' होत गेला. कालोरचे 'शालर' झाले, काल्दुसचे 'शो'. नॉर्मंडीच्या बोलीत मात्र 'क' टिकला, आणि 1066 नंतर नॉर्मन लोकांबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला. म्हणून इंग्रजांची ती कढई 'क'ने सुरू होते. स्पेनमध्ये कालेरेच्या धातुसाधितावरून 'कालिएन्ते' आला. त्याच धातुसाधिताचा पोर्तुगालमध्ये मधला 'ल' झिजून 'केन्त' झाला. रुमानियाने काल्दपासून 'कल्दुरा' असे नवे नाम घडवले.

लिंगाचीही गंमत आहे. लॅटिनमध्ये तो कालोर पुल्लिंगी. इटली आणि पोर्तुगालने त्याला पुल्लिंगीच ठेवले. फ्रान्समध्ये ती शालर झाली, कॅटलन भाषेतही स्त्रीलिंगीच. स्पेनच्या भाषा-अकादमीला पुल्लिंग मान्य आहे, पण दक्षिणेत आंदालुसियात, जिथे उन्हाळा अंग भाजून काढतो, तिथे लोक 'ला कालोर' असे स्त्रीलिंगीच म्हणतात. आपल्याकडेही ते ऊन आणि तो उन्हाळा एकाच उष्णातून निघाले, त्यामुळे या भेदाचे नवल वाटायला नको.

मला सर्वांत हृद्य वाटते ती कालेरे या क्रियापदाची वाटचाल. गरम असणे, मग एखाद्या गोष्टीने मन तापणे, मग तिची काळजी असणे. जुन्या फ्रेंचमध्ये 'शालुआर' म्हणजे पर्वा असणे. ज्याला पर्वा नाही, ज्याच्या मनाला ऊब लागत नाही, तो 'नॉनशालां'. बेफिकीर माणसासाठी हा शब्द पुढे इंग्रजीनेही उचलला. कॅटलन भाषा आणखी एक पाऊल पुढे गेली. तिच्यात त्याच क्रियापदाचे 'काल' हे रूप 'पाहिजे', 'केलेच पाहिजे' या अर्थाने रोज वापरले जाते. बार्सिलोनातली आई मुलाला अभ्यास करायलाच हवा असे बजावते तेव्हा तिच्या तोंडी रोमनांचा ताप असतो.

गरम पाण्याच्या झऱ्यांनी तर हा शब्द नकाशावरच कोरून ठेवला. दक्षिण-मध्य फ्रान्सच्या डोंगरात शोद-एग नावाचे गाव आहे. नावाचा अर्थच गरम पाणी. तिथल्या पार नावाच्या झऱ्याचे पाणी 82 अंश सेल्सियसला जमिनीतून बाहेर येते आणि मध्ययुगापासून गावकऱ्यांनी ते नळांतून खेळवून घरे ऊबदार ठेवली. स्पेनमध्ये, कॅटलोनियात, पोर्तुगालमध्ये काल्दास आणि काल्देस नावाची गावे जागोजाग आहेत. कोकणात राजापूरजवळ उन्हाळे आहे, दापोलीकडे उन्हवरे आहे, दोन्हीकडे गरम पाण्याची कुंडे. गावाला नाव देण्याची माणसाची रीत सगळीकडे सारखीच.

या काल्दासांपैकी एकाची कथा आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याची राणी लिओनोर प्रवासात असताना तिला वाटेत काही गरीब माणसे दुर्गंधी येणाऱ्या गरम पाण्यात बसलेली दिसली, अशी आख्यायिका आहे. विचारल्यावर कळले की त्या पाण्याने त्यांची दुखणी कमी होतात. राणीने 1485 मध्ये तिथे रुग्णालय उभारायला घेतले. त्याच्याभोवती जे गाव वसले त्याचे नाव काल्दास-दा-राइन्या, म्हणजे राणीचे गरम झरे. याच लिओनोरने 1498 मध्ये, वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच वर्षी, लिस्बनमध्ये गरिबांसाठी मिझेरिकॉर्डिया ही धर्मादाय संस्था सुरू केली. तिच्या धर्तीवरची शाखा सोळाव्या शतकात गोव्यातही निघाली.

जहाजांबरोबर शब्दही आला, पण वेगळ्या पेहरावात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत काल्दोचा अर्थ गरम राहिला नव्हता. काल्दो म्हणजे गरमागरम रस्सा, कढण. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नारळाच्या दुधातली मासळीची किंवा भाजीची जी सौम्य पिवळी कढी होते, तिला काल्दीन म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द 'काल्दिन्यु', म्हणजे छोटासा, लाडका काल्दो. पोर्तुगीज स्वयंपाकाशी त्या वाडग्याचे नाते नावापुरते. आत नारळ, हळद, धणे-जिरे सगळे इथले. तिकडे ब्राझीलमध्ये उसाच्या रसाला 'काल्दो-दे-काना' म्हणतात. रसवंतीवर मिळतो तसाच तो रस, बर्फ घालून थंडगार प्यायचा, आणि नाव तेवढे गरम पाण्याचे.

आता अठराव्या शतकाच्या अखेरच्या फ्रान्सकडे वळू, कारण या शब्दाच्या आयुष्यातले सर्वांत मोठे प्रकरण तिथे घडले.

राज्यक्रांतीची ती वर्षे. खेड्यापाड्यांत अराजक. पॅरिसच्या नैऋत्येला बोसच्या सपाट गव्हाळ मुलखात दरोडेखोरांच्या टोळ्या रात्री एकाकी शेतघरांवर पडत. शेतकऱ्याने पैसा कुठे पुरला आहे हे सांगावे म्हणून त्याचे तळपाय चुलीच्या आगीत धरत. लोक त्यांना 'शोफर' म्हणू लागले: तापवणारे. ओर्जेरच्या टोळीचा खटला शार्त्र शहरात 1800 साली चालला आणि वीसहून अधिक जणांना गिलोटिनवर चढवण्यात आले. पुढे आगगाडी आली, तेव्हा इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस शोफर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोटारगाडी आली आणि ती चालवणाराही शोफरच. मुंबईतल्या धनिकांच्या गाड्यांवर टोपी घालून बसणाऱ्या चालकापर्यंत तो शब्द इंग्रजीमार्गे पोहोचला, तोवर त्यातली आग विझलेली होती.

खेड्यांत हा शब्द असा दहशत पसरवत होता. त्याच्या काही वर्षे आधी पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत त्याच्यावर वेगळेच काम झाले होते. आंत्वान लाव्हाझिए हा सरकारी दारूगोळ्याच्या खात्यात अधिकारी, शहराच्या शस्त्रागारात राहणारा, श्रीमंत, कर गोळा करणाऱ्या कंपनीचा भागीदार. उपजीविका करांवर, जीव रसायनशास्त्रावर. 1782-83 च्या हिवाळ्यात त्याने आणि गणिती पिएर-सिमों लाप्लासने मिळून एक उपकरण बनवले. पत्र्याची एकात एक बसवलेली भांडी, दोन थरांत बर्फ. बाहेरचा थर खोलीची ऊब अडवण्यासाठी, आतला मोजण्यासाठी. मधोमध जाळीच्या टोपलीत जी वस्तू ठेवाल, तिच्या उष्णतेने आतला बर्फ वितळणार. खाली तोटीतून येणारे पाणी तोलले की उष्णता तोलली गेली. उष्णतेला वजनाच्या काट्यावर आणण्याची ही कल्पना मला अजूनही थक्क करते.

त्यांनी टोपलीत गिनीपिग ठेवला. दहा तासांत त्याच्या अंगच्या उबेने 13 औंस बर्फ वितळला. तेवढ्या वेळात तो जितका कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो, तितका वायू कोळसा जाळून मिळवला तर किती बर्फ वितळतो हेही त्यांनी मोजले. आकडे पुरते जुळले नाहीत, पण जवळ आले. श्वास घेणे हे मंद जळणे आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. जठराग्नी हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलो. इथे शरीरातल्या अग्नीला पहिल्यांदा आकडा मिळाला.

जून 1783 मध्ये हे काम विज्ञान अकादमीपुढे वाचले गेले. त्या निबंधात दोघांनी सावधपणे म्हटले होते की उष्णता म्हणजे काय यावर दोन मते आहेत: एक, ती वस्तूंत शिरणारा अदृश्य द्रव आहे, दुसरे, ती कणांची हालचाल आहे. निर्णय त्यांनी खुला ठेवला. पण लाव्हाझिएचे मन पहिल्या मताकडे होते. 1787 मध्ये गितों द मोर्व्हो, बर्थोले, फुर्क्रुआ आणि लाव्हाझिए या चौघांनी रसायनशास्त्राच्या नावांची नवी पद्धत प्रसिद्ध केली. शालर हा शब्द तर घरोघरचा. हाताला चटका बसला की शालर. संवेदनेला आणि तिच्या कारणाला एकच नाव चालणार नाही, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी जुन्या लॅटिन कालोरवरून नवे नाव घडवले: 'कालोरिक'. हजार वर्षांच्या वापराने घासून शालर झालेला शब्द बाजूला ठेवून विद्वान पुन्हा मूळ रूपाकडे गेले.

दोन वर्षांनी, 1789 मध्ये, लाव्हाझिएचा रसायनशास्त्राचा मूलग्रंथ आला. त्यात 33 मूलद्रव्यांची यादी आहे. पहिले प्रकाश, दुसरे कालोरिक. मग ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन. बर्फाच्या त्या उपकरणालाही त्याने याच ग्रंथात नाव दिले: 'कालोरिमेत्र'. अर्धे लॅटिन, अर्धे ग्रीक. अशी भेसळ पंडितांना खपणार नाही हे त्याला ठाऊक होते आणि त्याने तसे लिहूनही टाकले. पूर्ण ग्रीक नाव घेतले असते तर ते थर्मामीटरच्या फार जवळ गेले असते. कल्पना स्पष्ट राहावी म्हणून व्युत्पत्तीचा नियम थोडा वाकवायला हरकत नाही, ही त्याची भूमिका. ती मला पटते. थर्मामीटरमधला ग्रीक 'थेर्मोस', आपला 'घर्म' आणि त्याचा 'घाम', फारसीतून आलेला 'गरम' ही सारी एका मुळाची मंडळी. कालोर त्यांच्यात नव्हता, आणि म्हणूनच नव्या यंत्राला वेगळे नाव द्यायला तो उपयोगी पडला.

ग्रंथातल्या उपकरणांची चित्रे त्याच्या पत्नीने, मारी-आनने काढली होती. लग्न झाले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे तिने इंग्रजी शिकून परदेशी संशोधन नवऱ्यासाठी भाषांतरित केले, प्रयोगांच्या नोंदी ठेवल्या. क्रांती कर गोळा करणाऱ्यांवर उलटली. 8 मे 1794 रोजी लाव्हाझिएसह 28 करमक्तेदारांना एका दिवसात शिक्षा सुनावून गिलोटिनखाली नेण्यात आले. त्यांत मारी-आनचे वडीलही होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तिने एकाच दिवशी वडील आणि नवरा गमावले.

तिचे दुसरे लग्न 1805 मध्ये झाले, ते काउंट रम्फर्डशी. याच माणसाने तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कालोरिकला सर्वांत मोठा हादरा दिला होता. रम्फर्ड जन्माने अमेरिकन, निष्ठेने इंग्रजांचा, नोकरीने बव्हेरियाच्या राज्यकर्त्याचा. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांना भोके पाडली जात, तेव्हा धातू आणि चुरा इतका का तापतो, हा प्रश्न त्याला पडला. त्याने मुद्दाम बोथट पात घेतली, तोफेभोवती पाण्याची पेटी बसवली, आणि घोडे जुंपून पात फिरवली. अडीच तासांनी पाणी उकळले. आग कुठेच नव्हती. जमलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवरचे आश्चर्य त्याने नोंदवले आहे. घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघतच राहणार. जी गोष्ट कधी संपत नाही ती द्रव्य कशी असेल? 1798 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे मांडले.

लग्न मात्र टिकले नाही. तिला घरात माणसे, मेजवान्या, चर्चा हव्या असत. त्याला शांतता आणि बाग. एकदा त्याने तिच्या पाहुण्यांसाठी फाटक उघडू दिले नाही, तेव्हा तिने त्याच्या फुलझाडांवर उकळते पाणी ओतले, असे त्याने मुलीला लिहिलेल्या पत्रात आहे. 1809 मध्ये ती वेगळी झाली आणि शेवटपर्यंत पहिल्या नवऱ्याचे नाव लावत राहिली.

कालोरिक रम्फर्डच्या प्रयोगाने मेला नाही. वस्तू तापल्यावर का पसरते, बर्फ वितळताना उष्णता कुठे लपते, याची उत्तरे त्या अदृश्य द्रवाच्या कल्पनेने नीट देता येत. सादी कार्नो या तरुण अभियंत्याने 1824 मध्ये वाफेच्या इंजिनावर जी छोटी पुस्तिका लिहिली, तिचा पायाही तोच. वडील लाझार हे क्रांतीचे सेनासंघटक. त्यांनी मुलाला नाव दिले ते शिराझच्या सादी कवीचे. धबधब्याचे पाणी उंचावरून खाली पडताना चाक फिरवते, तसा कालोरिक तप्त जागेकडून थंड जागेकडे उतरताना इंजिन चालवतो, असे त्याचे विवेचन. कालोरिक आणि शालर हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आहोत असेही त्याने सांगून टाकले. विद्वानांनी पाडलेला भेद चाळीस वर्षांतच पुसला गेला होता. कार्नो 1832 मध्ये पटकीने वारला, छत्तिसाव्या वर्षी. मागे राहिलेल्या टिपणांवरून दिसते की त्याचाही कालोरिकवरचा विश्वास उडाला होता. पण ती छापली गेली 1878 मध्ये. तोवर जावा बेटावर सुराबाया बंदरात खलाशांच्या रक्ताचा रंग पाहून विचारात पडलेला डॉक्टर मायर आणि मँचेस्टरचा जूल यांनी काम उरकले होते. 1850 पर्यंत उष्णता हे द्रव्य नसून ऊर्जेचे एक रूप आहे हे ठरले, आणि मूलद्रव्यांच्या कोष्टकात कालोरिकला जागा राहिली नाही.

पण त्याचे एक लेकरू मागे उरले. पॅरिसच्या कला-उद्योग संग्रहालयात निकोला क्लेमां हा रसायनाचा प्राध्यापक कारखानदारांना आणि कारागिरांना शिकवत असे. कार्नोच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख आहे. त्याच्या श्रोत्यांचा प्रश्न रोकडा होता: एक किलो कोळशातून किती उष्णता मिळेल? त्यासाठी एकक हवे. 1819 ते 1824 च्या दरम्यानच्या व्याख्यानांत त्याने ते सांगितले: एक किलो पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक 'कालोरी'. पुढे 1852 मध्ये फाव्र आणि सिल्बरमान यांनी तोच शब्द एक ग्रॅम पाण्यासाठी वापरला, आणि हजारपटीचा फरक असलेल्या दोन कॅलऱ्या जगात नांदू लागल्या. आजही आहारातली एक कॅलरी म्हणजे पदार्थविज्ञानातली एक किलोकॅलरी, त्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

कोळशासाठी बनवलेले माप माणसाच्या ताटात आणले ते अमेरिकेतल्या विल्बर ऑलिन ॲटवॉटरने. जर्मनीत शिकून आलेल्या या प्राध्यापकाने 1887 मध्ये एका मासिकात सामान्य वाचकांना अन्नातली ऊर्जा कॅलरीत समजावून दिली. पुढे त्याने माणूस आत राहू शकेल एवढा कॅलरीमापक कक्ष उभा केला. लाव्हाझिएने गिनीपिगवर केले ते त्याने माणसावर केले. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या ग्रॅमला चार आणि स्निग्धाच्या ग्रॅमला नऊ, हे जे आकडे आज आहारतज्ज्ञ सांगतात ते त्याच्याच कामातून आले.

मराठीने या एककासाठी 'उष्मांक' असा शब्द घडवला. शब्द नेमका आहे, अर्थ उघड सांगतो, आणि पाठ्यपुस्तकांत त्याची जागा पक्की आहे. बोलताना मात्र लोक कॅलरीच म्हणतात. दोन्ही राहावेत असे मला वाटते. लॅटिनमध्ये कालिदाही राहिला आणि काल्दाही, आणि दोघांकडून पुढच्या भाषांना काही ना काही मिळाले.

1948 मध्ये वजन-मापांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठराव केला की उष्णतेचे एकक यापुढे जूल असावे. वैज्ञानिकांनी तो पाळला. भारतात मात्र बिस्किटांच्या पुड्यावर ऊर्जेचा आकडा आजही किलोकॅलरीत छापला जातो, आणि अन्नसुरक्षेचा कायदाही तोच मागतो.